आधी नकाशा, मग पातेलं: एखाद्या देशाचा पदार्थ रांधून घरी भूगोल कसा शिकवावा

जपानचा भूगोल शिकवायचा म्हणून आम्ही मायलेकी पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरलो, तो दिवस मला लख्ख आठवतो. भात नको तितका चिकट झाला, समुद्रशेवाळाचे कागद ओले होऊन फाटले, ओट्यावर तीळच तीळ झाले. दोन तास मजेत गेले. आठवड्यानं तिला विचारलं, "जपानबद्दल काय लक्षात राहिलं?" उत्तर आलं, "शेवाळाला माशाचा वास येतो." बेटं, डोंगर, समुद्रप्रवाह, काही काही नाही. चूक तिची नव्हती. मी तिला एक पदार्थ शिकवला होता, भूगोलाला हातच लावला नव्हता.

तेव्हापासून एक गोष्ट पाळते. पदार्थ म्हणजे कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर असतं, आणि तो प्रश्न मुलांच्या हातात पदार्थाआधी पडला पाहिजे. इथे हेच का पिकतं? हे असंच का शिजवतात? ही वस्तू इथली नाही, मग आली कुठून? प्रश्न नसेल तर तो नुसता वेगळा स्वयंपाक होतो. त्यात वाईट काही नाही, पण भूगोलाचा तास झाला असं मग म्हणू नये.

देश निवडताना

पिझ्झा आवडतो म्हणून इटली, अशी सुरुवात करू नका. मुलांचं सगळं लक्ष खाण्याकडे राहतं आणि आपलं चीज वितळलं की नाही याकडे. पहिला देश असा घ्या, जिथली जमीन, उंची आणि पाणी ताटात सरळ दिसतं. माझ्या मते त्यासाठी पेरूसारखा देश नाही. (नाव ऐकताच मुलं फळाची आठवण काढून हसतील. हसू द्या, नाव पक्कं बसतं.) पश्चिमेला वाळवंटी किनारा, मधोमध अँडीज पर्वत, पूर्वेला अॅमेझॉनचं जंगल, असे तीन जगावेगळे पट्टे एकाच देशात शेजारी शेजारी आहेत. मुख्य अन्न बटाटा, जो कुठेही मिळतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या मी पेरू धरूनच सांगते. दुसरा देश घेतलात तरी क्रम हाच ठेवा.

एका देशाला दोन ते तीन आठवडे द्या. चार-पाच बैठका पुरतात आणि त्यातली रांधण्याची एकच. दर आठवड्याला नवा देश उरकण्याचा उत्साह पहिल्या महिन्यातच मावळतो, हे अनुभवानं सांगते.

पहिली बैठक: प्रश्न आणि दोन नकाशे

कोऱ्या कागदावर वर एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहायचा. पेरूसाठी आमचा प्रश्न होता: "बटाटा डोंगरावर का राहायला गेला?" प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. मुलांना आधी अंदाज करू द्या आणि ते अंदाज, चुकीचे असले तरी, त्याच कागदावर तारीख घालून लिहून ठेवा. शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

मग नकाशे. आधी प्राकृतिक, नंतर राजकीय. आपल्या सगळ्यांना राजकीय नकाशाची सवय, कारण तो रंगीत आणि सोपा असतो. पण सीमारेषेवरून अन्नाबद्दल फारसं कळत नाही. ते कळतं उंची, नद्या आणि समुद्रप्रवाह यांच्यावरून. अॅटलास नसेल तर नकाशा छापून घ्या, पण मुलांनी देशाची बाह्यरेषा एकदा तरी स्वतःच्या हातानं काढलीच पाहिजे. वाकडी येईना का.

पेरूच्या नकाशावर बोट ठेवायला लावायच्या जागा थोड्याच आहेत. राजधानी लिमा, समुद्रकाठी, विषुववृत्तापासून दक्षिणेला अवघ्या १२ अंशांवर. इथे मुलांना अडवा. इतक्या जवळ म्हणजे धो धो पाऊस आणि घनदाट जंगल हवं ना? प्रत्यक्षात लिमात पाऊस जवळजवळ पडतच नाही, हिवाळ्यात मात्र महिनोन्‌महिने धुकं असतं. कारण किनाऱ्यालगत दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट हा थंड समुद्रप्रवाह. थंड पाण्यावरची हवा थंड आणि जड राहते, वर चढत नाही, त्यामुळे ढग दाटतात पण बरसत नाहीत. पूर्वेकडून अॅमेझॉनवरून येणारी ओली हवा अँडीजच्या भिंतीला अडते. शाळेच्या पुस्तकात 'पर्जन्यछाया' हा शब्द एका ओळीत येऊन जातो, इथे तो शहराला कोरडं ठेवताना दिसतो. त्याच थंड प्रवाहामुळे तळातली पोषकद्रव्यं वर येतात आणि समुद्रात मासळीची रेलचेल होते. म्हणजे किनाऱ्यावर शेती अवघड पण मासे भरपूर. ताटाचा अर्धा भाग नकाशावरच उलगडला.

दाराच्या चौकटीवरचा अँडीज

ही बैठक मला सगळ्यात आवडते. दाराच्या चौकटीवर कागदाची लांब पट्टी चिकटवा. जमीन म्हणजे समुद्रसपाटी. प्रमाण धरा: १ सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर. आता मुलांनी भागाकार करून खुणा करायच्या. टिटिकाका सरोवर ३८१२ मीटरवर, म्हणजे ७६ सेंटिमीटर. पेरूतलं सर्वांत उंच शिखर वास्करान ६७६८ मीटर, म्हणजे १३५ सेंटिमीटर. माझी मुलगी तेव्हा जवळपास तेवढीच होती. ती पट्टीला पाठ लावून उभी राहिली आणि "मी वास्करान" म्हणून दिवसभर मिरवली.

पट्टीवर पिकं चिकटवताना पेरूचे भूगोलतज्ज्ञ हावियेर पुल्गार विदाल यांची विभागणी फार कामाला येते. त्यांनी देशाचे आठ नैसर्गिक प्रदेश पाडले, मुख्यतः उंचीवरून, आणि त्यांना तिथल्या लोकांच्या वापरातली जुनी नावं दिली. आठही पाठ करून घेण्याची गरज नाही. तीन पुरे. २३०० ते ३५०० मीटरचा 'केचुआ' पट्टा मक्याचा. ३५०० ते ४००० चा 'सुनी' पट्टा बटाटा आणि किन्वाचा. ४००० ते ४८०० चा 'पुना', जिथे गवत, लामा आणि अल्पाका ही लोकरीची जनावरं, आणि थंडी सोसणाऱ्या कडवट बटाट्याच्या जाती. एका डोंगरावर चढत जाताना शेत बदलतं, जनावर बदलतं, जेवण बदलतं. हे पट्टीवर दिसलं की "बटाटा डोंगरावर का" या प्रश्नाचं निम्मं उत्तर मुलं स्वतःच देतात: खाली मका, वर जिथे मका येत नाही तिथे बटाटा.

थोडी मोठी मुलं असतील तर इथेच उत्कलनबिंदू घ्या. साधारण ३०० मीटर वर गेलं की पाणी एक अंशानं कमी तापमानाला उकळतं. टिटिकाकाच्या काठी ते सुमारे ८७ अंशांनाच उकळायला लागतं. बटाटा तिथे लवकर शिजेल की उशिरा? बहुतेक मुलं घाईनं "लवकर" म्हणतात. पाणी लवकर उकळलं म्हणजे बटाटा लवकर शिजला असं नव्हे, हे त्यांना स्वतः शोधू द्या.

बटाट्याचा डोंगर

समोच्चरेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, हा प्रकार कागदावर शिकवताना मी हात टेकले होते. शेवटी बटाटाच धावून आला.

मोठा, ओबडधोबड बटाटा उभा चिरा आणि अर्धा भाग सपाट बाजूवर पालथा ठेवा. हा डोंगर. वरून खालपर्यंत आरपार दोन दातकोरण्या किंवा सळया खुपसून भोकं पाडा आणि काढून घ्या. ती पुढे जुळवणीला लागतील. बाजूला पट्टी उभी धरून दर एक सेंटिमीटरवर खूण करा आणि त्या खुणांवर बटाट्याच्या आडव्या चकत्या करा. सगळ्यात खालची, मोठी चकती कागदावर ठेवून पेन्सिलनं कडेनं गिरवा, भोकांच्या जागी ठिपके द्या. मग त्याच ठिपक्यांवर भोकं जुळवून दुसरी चकती, मग तिसरी. शेवटी कागदावर एकात एक वेटोळी उरतात. आता चकत्या पुन्हा एकमेकींवर रचा आणि विचारा, कुठल्या बाजूनं चढायला दमछाक होईल? जिथे बटाट्याचा उतार तीव्र, तिथे रेषा दाटीनं आल्या आहेत, हे मुलांच्या डोळ्यांना आपोआप दिसतं. पुस्तकातली व्याख्या नंतर वाचली तरी चालते. चकत्या धुऊन पातेल्यात टाका.

बटाटा हिरवट दिसत असेल तर मात्र तो अभ्यासालाही नको आणि खायलाही नको. हिरवा भाग म्हणजे विषारी सोलानिन वाढल्याची खूण.

याच आठवड्यात बाजूला एक प्रयोग लावून ठेवता येतो. अँडीजच्या उंच पठारावर रात्री कडक थंडी आणि दिवसा कडक ऊन. तिथले लोक या दोन्हींचा उपयोग करून बटाटा टिकवतात. रात्री उघड्यावर गोठवायचा, दिवसा उन्हात सोडायचा, मग पायांनी तुडवून पाणी काढायचं, असं काही दिवस. तयार होतो तो 'चुन्यो', हलका, कोरडा, वर्षानुवर्षं टिकणारा. घरी तीन-चार छोटे बटाटे वजन करून फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा, सकाळी उन्हात सोडा आणि हातानं पिळा. पाणी कसं निथळतं ते पाहून मोठेही चकित होतात, कारण बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणीच असतं. रोजचं वजन वहीत लिहा. हे बटाटे खायचे नाहीत. घरातली स्वच्छता आणि हवा पठारावरची नाही, खराब होण्याचा धोका असतो.

ताटाचा नकाशा

आता पदार्थ. पेरूसाठी मी 'काउसा' निवडते: उकडलेल्या बटाट्याचा थंड, थरांचा पदार्थ. आंच फक्त बटाटे उकडण्यापुरती, बाकी सगळं हातानं. किनाऱ्यावरचा 'सेविचे' जास्त प्रसिद्ध आहे, पण तो कच्च्या माशाचा. लिंबाच्या रसानं मासा पांढरा होतो, शिजल्यासारखा दिसतो, तरी जंतू आणि कृमी मरतीलच अशी खात्री नसते. मुलांबरोबर तो नकोच.

साहित्याची यादी मुलांनी लिहायची आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचं मूळ गाव शोधून लिहायचं. मग जगाच्या नकाशावर प्रत्येक वस्तूच्या उगमापासून पेरूपर्यंत दोरा ओढायचा. बटाट्याचा दोरा जवळपास शून्य लांबीचा, कारण टिटिकाकाच्या आसपासच हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळला. पिवळी मिरची 'आही अमारियो' तीही तिथलीच. अॅव्होकाडो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून. ऑलिव्ह भूमध्य समुद्राकाठचं. लिंबू मूळचं आशियातलं, स्पॅनिश लोकांनी समुद्रापार नेलेलं. कोंबडीही आशियातलीच. एका ताटात इतक्या ठिकाणची माणसं आणि जहाजं येऊन बसली आहेत हे दोऱ्यांच्या जाळ्यात दिसतं, आणि १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचल्यानंतर दोन गोलार्धांमध्ये पिकांची जी देवाणघेवाण सुरू झाली तिचा विषय आपसूक निघतो. मुलांना उलटं विचारायला विसरू नका: १४९२ च्या आधी इटलीत टोमॅटो होता का?

पिवळी मिरची बहुधा मिळणार नाही. न मिळालेल्या वस्तूसाठी धावाधाव करू नका, तो भूगोलाचाच भाग आहे. यादीत तिसरा रकाना करा: 'आपण काय वापरलं आणि का'. पिवळी ढोबळी मिरची आणि चिमूटभर तिखट चालतं. चव तीच येणार नाही, हे मुलांना सांगून टाका.

रांधण्याचा दिवस

या दिवशी शिकवू नका. हे लिहायला सोपं आणि पाळायला अवघड आहे. मी एकदा मसूर शिजत असताना पठारावर व्याख्यान दिलं, पातेलं तळाला लागलं आणि मुलीनं नंतर वडिलांना फक्त तेवढंच सांगितलं. बोलायचं ते आधीच्या बैठकांत बोलून झालेलं असावं. आज हात चालू द्या.

आदल्या दिवशी कामं वाटून घ्या. पाच-सहा वर्षांचं मूल बटाटे धुईल, कोमट झाल्यावर सोलेल, कुस्करेल. आठ-नऊ वर्षांचं मोजमाप करेल, लिंबं पिळेल आणि तुम्ही शेजारी उभे राहिलात तर चिरेलही. बारा-तेराच्या पुढच्याला सगळी कृती वाचून स्वतः करू द्या, तुम्ही मदतनीस व्हा. पाहुणी मुलं असतील तर कुणाला कशाची अॅलर्जी आहे ते त्यांच्या पालकांना आधीच विचारा, ताट वाढल्यावर नाही.

चौघांच्या काउसासाठी एक किलो बटाटे सालासकट उकडा. गरम असतानाच सोलून गुठळी न राहता कुस्करा (गरमागरम सोलण्याचं काम मोठ्यांनी करावं). त्यात तीन-चार मोठे चमचे तेल, दोन लिंबांचा रस, मीठ आणि वाटलेली मिरची घालून कणकेसारखं मळा. हाताला चिकटायचं थांबलं की झालं. पसरट डब्याला आतून तेलाचा हात लावा, निम्मं मिश्रण दाबून पसरा, वर अॅव्होकाडोच्या फोडी आणि उकडलेल्या अंड्याच्या चकत्या, मग उरलेलं मिश्रण. तासभर फ्रिजमध्ये ठेवा, ताटात उलटा करा, वर ऑलिव्ह लावा. अंडं खात नसाल तर मक्याचे उकडलेले दाणे घाला. एक सूचना: थरांना किनारा, डोंगर आणि जंगल अशी नावं द्यायचा मोह होईल. आवरा. काउसाचे थर त्या कारणानं आलेले नाहीत आणि असं खोटं नातं मुलांच्या डोक्यात फार घट्ट बसतं.

खाल्ल्यावर

एक घास सगळ्यांनी खायचा, आवडलं नाही तर बाजूला ठेवायचं, तोंड वेडंवाकडं करायचं नाही. आपल्याला जो वास परका, तो कुणाच्या तरी घरचा वास असतो. घरातला एवढा एकच नियम आहे, पण मी तो सोडत नाही.

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पहिला कागद काढा. जुने अंदाज वाचा आणि मुलांना आता त्याच प्रश्नाचं उत्तर तुमच्याशिवाय तिसऱ्या कुणाला तरी सांगू द्या: आजीला, मावशीला, फोनवरून मित्राला. सांगताना जिथे अडखळतात तिथे अजून काम बाकी आहे, एवढी परीक्षा पुरते. फाइलमध्ये प्रश्नाचा कागद, हातानं काढलेला नकाशा, समोच्चरेषांची वेटोळी, साहित्याची तीन रकान्यांची यादी आणि चुन्योच्या वजनाचा तक्ता लावा. ताटाचा फोटो हवा तर लावा, पण सगळ्यात शेवटी. घरच्या शिक्षणाच्या नोंदी कुणाला दाखवायच्या असतील तर याच कागदांवरून मुलाचा विचार दिसतो.

आणि एक पदार्थ म्हणजे अख्खा देश नव्हे, हे मुलांना पुन्हा पुन्हा जाणवू द्या. उलटही खरं आहे: एक पदार्थ एकाच देशाचा असेलच असं नाही. कुसकुस या वाफवलेल्या रव्याच्या पदार्थाची नोंद २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली, ती अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चौघांनी मिळून केलेल्या अर्जावरून. सीमा कुठे थांबते आणि जेवण कुठे थांबतं, हा मोठ्या मुलांसाठी एक अख्खा विषय आहे.

पुढचा देश

पुढच्या देशांसाठी माझ्याकडे प्रश्नांची वही आहे, पदार्थांची नाही. त्यातले काही देते. इथिओपिया विषुववृत्ताजवळ असून अदिस अबाबा थंड का? (तिथे तेफ या जेमतेम मिलिमीटरभराच्या धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून इंजेरा करा.) तिबेटी लोक भाजलेल्या सातूचं पीठ, म्हणजे त्साम्पा, नुसतं चहात कालवून का खातात? मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात का उकळतात, आणि ही रीत न घेता नुसता मका नेणाऱ्या प्रदेशांत लोक पेलाग्रानं आजारी का पडले? इटलीच्या उत्तरेला लोणी आणि दक्षिणेला ऑलिव्हचं तेल का? ओकिनावाच्या समुद्रात कोम्बू शेवाळ उगवत नाही, तरी तिथल्या जेवणात ते इतकं कसं? या शेवटच्या प्रश्नानं आमचा जपान दुसऱ्यांदा झाला, आणि या खेपेला कोम्बू घेऊन होक्काइडोहून ओसाकापर्यंत जाणाऱ्या जहाजांचा मार्ग तिनं न पाहता काढून दाखवला.

पण सगळ्यात उत्तम म्हणजे आधीच्या देशातलाच एखादा धागा पकडणं. पेरूनंतर आम्ही आयर्लंडला गेलो, बटाट्याच्याच मागे. १८४५ मध्ये तिथल्या बटाट्यावर करपा पडला आणि बहुतेक गरीब शेतकरी एकाच जातीच्या बटाट्यावर जगत असल्यानं दुष्काळ आला, सुमारे दहा लाख माणसं गेली. अँडीजच्या शेतकऱ्याकडे वेगवेगळ्या उंचीसाठी वेगवेगळ्या जाती असतात हे मुलीला माहीत होतं, त्यामुळे कारण तिनंच सांगितलं. रांधायला मात्र सोडा ब्रेड घेतला. तिथल्या दमट, सौम्य हवेत येणाऱ्या गव्हात ग्लुटेन कमी असतं, यीस्टनं तो नीट फुगत नाही, म्हणून खाण्याचा सोडा आणि ताक. ४५० ग्रॅम पीठ, एक लहान चमचा सोडा, एक लहान चमचा मीठ, ३५० ते ४०० मिलिलिटर ताक. हलक्या हातानं गोळा करा, वर खोल फुली मारा आणि २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजा. तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. ताक सोड्याला लागताच बुडबुडे सुटायला लागतात आणि गोळा लगेच भट्टीत गेला नाही तर ब्रेड दगडासारखा होतो, तेव्हा त्या दिवशी नकाशा आधी गुंडाळून ठेवा.